शेंदराखालचा शिक्का

"कुणी बनवलं हे? एवढंच सांगा बुवा, बाकीचं मी बघून घेतो."

हैबतराव सरनोबतांनी रेशमी रुमाल सोडला आणि आतली वस्तू मठातल्या निरंजनबुवांच्या पुढ्यात ठेवली. ठेवली म्हणजे आपटलीच.

रिव्हॉल्व्हरचं कातडी म्यान होतं ते. रिव्हॉल्व्हर कधीच सरकारजमा झालं होतं. मागे उरलं होतं ते म्यान आणि सरनोबतांचा दरारा. आतून दोन्ही सारखीच रिकामी.

बुवांनी म्यानाकडे पाहिलं. कातडं मुळी दिसतच नव्हतं. दर दसऱ्याला शस्त्रपूजेत सरनोबत त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावत. तीन पिढ्यांनी हात आखडता घेतला नव्हता. शेताच्या बांधावरच्या म्हसोबासारखं ते गुबगुबीत, लालभडक झालं होतं.

"आमच्या आजोबांनी बेचाळीसात इंग्रज साहेबाच्या कमरेचं हिसकलं हे. साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. वेशीवर कमान उभी आहे त्यांच्या नावाची!"

"मग?"

"मग काय! जिल्ह्याच्या संग्रहालयातून एक बाई आली. वयानं माझ्या सुनेएवढी. शिवण बघितली, वास घेतला, आणि म्हणते कशी, हे विलायती नाही. हरणगाव संस्थानच्या शिकारखान्यातलं असावं. राजेसाहेब गोऱ्या पाहुण्यांना वाघ मारायला न्यायचे, तेव्हा बरोबरच्या नोकरांना असली म्यानं मिळायची. शेंदराखाली शिक्का असेल, खरवडून बघू!"

हैबतरावांचा आवाज चढला.

"म्हणजे आमचे आजोबा काय साहेबाच्या मागनं पाण्याची बाटली घेऊन हिंडत होते? पोहे खायला घातले होते मी तिला, बुवा! वर दोनदा चहा!"

"खरवडलं?"

"खरवडू? देव आहे तो आमचा!"



"हैबती, साहेबाचं होतं म्हणतोस."

"होतंच."

"मग तीन पिढ्या साहेबाच्या कमरेच्या चामड्यापुढं नारळ फोडताय?"

साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत अध्यक्ष या नात्याने असले प्रश्न हैबतराव माइक बंद करून निकालात काढत. इथे माइक नव्हता.

"थट्टा नको, बुवा. उद्या दसरा. म्यान पालखीतनं निघायचंय आणि ती बाई गावभर बोलून गेलीय. पोरंटोरं हसायला लागलीत माझ्याकडं बघून. आजोबांना पाहिलेले आता तुम्ही एकटेच. हे साहेबाचंच, एवढं म्हणा. तुमच्या शब्दावर गाव गप्प बसेल."

बुवा उठले. म्यान उचलून त्यांनी मठाच्या ओट्यावर, उन्हाने तापलेल्या चिऱ्यावर ठेवलं. शेजारी मांडी घालून बसले.

"हे काय करताय?"

"ऊन लागू दे त्याला."

...

हैबतराव येरझारा घालू लागले. संग्रहालयाचा उद्धार झाला. शिकलेल्या बायकांचा झाला. मग सरकारचा. इतिहास म्हणजे ज्यांना घराणं नाही त्यांचा उद्योग, असंही एक मत त्यांनी नोंदवलं. बुवा ऐकत होते, किंवा नव्हते.

ऑक्टोबरचं ऊन. शेंदूर घामेजला. तेल पाझरू लागलं... आणि एक जाडजूड खपली आपल्या आपण घसरून चिऱ्यावर पडली.

हैबतराव जागच्या जागी थांबले.

खाली काळसर कातडं होतं. त्यावर ठसवलेली चंद्रकोर. चंद्रकोरीखाली अक्षरं : हरणगाव. शिकारखाना.

...

हैबतरावांनी वाटेकडे पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं. त्यांनी देवळीतल्या मारुतीकडे पाहिलं. त्याच्यापुढे शेंदराची वाटी होती.

पुढारी मंडळी एवढ्या चपळाईने हलतात हे एरवी कुणाला खरं वाटलं नसतं. त्यांनी वाटी आणली, बोटं बुडवली, शिक्क्यावर शेंदूर थापला. मग अंगठ्याने दाबून, चोळून सगळं सारखं केलं. चंद्रकोर गेली. हरणगाव गेलं. शिकारखाना तेवढा चिवट निघाला. त्याच्यावर अंगठा पुन्हा फिरवावा लागला.

"तुम्ही काही पाहिलं नाही, बुवा," ते धापा टाकत म्हणाले.

बुवांनी चिऱ्यावरची खपली उचलून बाजूला ठेवली.

"बोला की! ऊन खाल्लं, थट्टा करून घेतली, सगळं झालं. आता तरी सांगा, कुणी बनवलं हे?"

बुवांनी त्यांचं मनगट धरलं. तो लाल अंगठा उन्हात वर केला आणि त्यांच्याच डोळ्यांपुढे आणला.

"हा बघ शिक्का," बुवा म्हणाले. "अजून ओला आहे."