एक वाक्य, पूर्ण खोटे

विषय : इयत्ता नववीच्या इंग्रजीच्या तासाची आरंभीची दहा मिनिटे मुक्त लेखनासाठी चालू ठेवण्याबाबत.
संदर्भ : शाळा समितीच्या अध्यक्षांचा तोंडी आदेश.

उपरोक्त विषयी वस्तुस्थिती येणेप्रमाणे.

एकदा एक तरुण शिक्षिका आपल्या वृद्ध गुरूंकडे गेली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "सर, माझा अख्खा वर्ग हुबेहूब एकसारखं लिहितो."

गुरुजी मटार सोलत बसले होते. त्यांनी शेंगांची परात तिच्याकडे सरकवली. "चांगलं आहे की, केतकी. तपासायला सोपं."

केतकी तालुक्याच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवी. तास सुरू होताच ती फळ्यावर रोज नवा विषय लिही आणि मुलांनी दहा मिनिटे त्यावर आपल्या मनचे इंग्रजीत लिहावे, एवढीच अपेक्षा ठेवी. गुण नाहीत, लाल शाई नाही. हेतू उदात्त होता, आणि उदात्त हेतूंचे सहसा जे होते तेच त्याचे झाले. 'अविस्मरणीय प्रवास' हा विषय दिला, तेव्हा सगळा वर्ग महाबळेश्वरला जाऊन आला. सर्वांनी एकच सूर्यास्त पाहिला आणि सर्वांना तो सोन्याच्या गोळ्यासारखा दिसला. एस.टी. स्टँडच्या पलीकडे कधी न गेलेली मुलेही त्या सहलीत होती. 'माझी आई' दिला, तेव्हा सगळ्या आया पहाटे पाचला उठून देवपूजेला लागल्या. प्रणाली नावाच्या मुलीची आई सूतगिरणीत रात्रपाळी करी आणि सकाळी घरी येऊन झोपे. वहीत मात्र तीही पाचलाच उठली होती. गाइडातल्या आईला रात्रपाळी नसते.

शाळा समितीचे अध्यक्ष हे सिमेंट-पत्र्याचे मोठे व्यापारी. नमुना न बघता माल घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी वह्या मागवल्या, चाळल्या आणि म्हणाले, "बाई, हे सगळं गाइडात तयार मिळतं. मग तुमची दहा मिनिटं कशाला? सोमवारी मी वर्गावर येतो. तेव्हाही हाच माल दिसला, तर ही दहा मिनिटं व्याकरणाच्या सरावाला."

केतकीला धमकीचे दुःख नव्हते. माणूस बरोबर बोलत होता, याचे होते.

"मी रोज सांगते हो, खरं लिहा, मनातलं लिहा," ती शेंग मोडत म्हणाली. "आणि लिहितात गाइडातलं."

"पाठ केलंय ना? मग तेच मनात असणार. त्यांची काय चूक?" गुरुजी म्हणाले. "उद्या येतो मी."

दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात आले. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर ठसठशीत इंग्रजीत लिहिले : 'आज स्वतःच्या घराविषयी एक वाक्य लिहा. ते संपूर्ण खोटे असावे. खरे निघाल्यास पुन्हा लिहावे लागेल.'

वर्ग संशयाने फळ्याकडे पाहू लागला. म्हाताऱ्या शिक्षकांच्या प्रेमळपणात काहीतरी असते, हे मुलांना अनुभवाने ठाऊक होते.

"सर, खरंच खोटं?" तौसिफने विचारले. शंका विचारण्याचे काम वर्गाने त्याच्याकडेच सोपवले होते.

"खोटंच खोटं."

"घरी सांगणार नाही ना?"

"तू काय लिहितोस त्यावर आहे," गुरुजी म्हणाले.

सवयीने मुलांनी पेने उचलली आणि सवयीनेच ती वहीवर टेकवली. पण पाठ केलेल्यातले काही कामाला येईना. मुले छताकडे, खिडकीकडे, एकमेकांकडे पाहू लागली. मग एक जण स्वतःशीच हसला आणि वाकून लिहू लागला. मग दुसरी. थोड्या वेळाने वर्गात इतकी शांतता पसरली की मुख्याध्यापक काळजीने डोकावून गेले.

गुरुजींनी एकेकाला वाचायला लावले. तौसिफने वाचले : 'काल आमच्या नळाला एवढे पाणी आले की आम्ही कंटाळलो.' एकाचा मोठा भाऊ नोकरीला लागला होता आणि आता कुणावर ओरडत नव्हता. एकाच्या घरी आई आधी जेवली होती आणि बाबांनी वाढले होते. प्रणाली उभी राहिली, तिने घसा साफ केला आणि वाचले : 'माझी आई रात्री घरी असते आणि मला पांघरूण घालते.' क्रियापदे लंगडत होती, काळ एकमेकांत घुसले होते. पण कुणी महाबळेश्वरला गेले नव्हते.

केतकी व्हरांड्यात आली ती अस्वस्थ होऊनच. "सर, मी खरं लिहा म्हणून घसा कोरडा केला. आणि तुम्ही त्यांना खोटं लिहायला लावलंत?"

गुरुजी म्हणाले, "अगं, खरं लिहा म्हटलं की मुलाला वाटतं, तपासणाऱ्याला आवडेल ते खरं. ते छापील मिळतं. खोट्याचं गाइड अजून कुणी काढलेलं नाही. आणि स्वतःच्या घराविषयी खोटं सांगायचं, तर आधी घरात खरं काय आहे ते नीट बघून यावं लागतं. तू 'माझी आई' दिलंस, तेव्हा प्रणाली गाइडातल्या बाईकडे बघत होती. आज तिनं आपल्या आईकडे पाहिलं."

केतकीने दारातून वर्गाकडे वळून पाहिले. मग तिने विचारले, "म्हणजे आता वर्षभर खोटंच?"

"छे! रोज केलंस तर त्याचंही गाइड निघेल."

त्यानंतरचा तास पाठ्यपुस्तकातील धड्याचा होता. धड्यातला दीपगृहाचा म्हातारा रखवालदार मुलीला पत्रातून कळवतो, की इथे रोज पाहुणे येतात, बोलता बोलता दिवस पुरत नाही. 'रखवालदार सुखी का होता?' या प्रश्नाचे 'कारण त्याच्याकडे पुष्कळ पाहुणे येत' हे उत्तर मुलांना तोंडपाठ होते. पूर्वी शिकवून झालेला तो धडा केतकीने पुन्हा मोठ्याने वाचला. ती पत्रापाशी आली तोच तौसिफ उठला.

"मॅडम, तिथं कुणीच येत नव्हतं."

"कशावरून?"

"म्हणून तर त्यानं लिहिलंय!"

एकदम सगळेच बोलू लागले. मुलीला खरे का कळवले नाही, तिला ते कळले असेल का, यावर भांडण जुंपले. तास संपल्याची घंटा झाली, पण कुणी उठले नाही. शाळेच्या इतिहासात अशी नोंद नाही.

सोमवारी अध्यक्ष आले. वार्ता आधीच पोहोचली होती.

"बाई, इंग्रजीत खोटं बोलायला शिकवता म्हणे. ते आम्ही मराठीत करतोच की," ते खुर्चीत बसत म्हणाले. "वाचा कुणीतरी. आमची मैथिली वाचेल."

मैथिली त्यांची नात. ती वही घेऊन उभी राहिली आणि तिने केतकीकडे पाहिले. तिने काय लिहिले आहे ते केतकीला ठाऊक होते. दुसरे कुणी वाचील, एवढे म्हणणे पुरेसे होते. अध्यक्ष खूश झाले असते, दहा मिनिटेही कदाचित वाचली असती.  केतकीने मान हलवली : वाच.

मैथिलीने इंग्रजीत वाचले. एक भुवई वर करून अध्यक्ष म्हणाले, "मराठीत सांग."

"काल आजोबा म्हणाले, माझं चुकलं."

मागच्या बाकावर कुणालातरी हसू आले, ते त्याने शिंकेत घातले. मुख्याध्यापक पंख्याकडे पाहू लागले.

"मी असं कधी म्हणालो गं?"

"कधीच नाही, आजोबा. म्हणून तर लिहिलं."

अध्यक्षांनी वही मागून घेतली. ते एक वाक्य त्यांनी पुष्कळ वेळ पाहिले. मग मुख्याध्यापकांना विचारले, "हे गाइडात आहे?"

"नाही साहेब," मुख्याध्यापक घाईने म्हणाले. "गाइडात आपला उल्लेख नाही."

आता मात्र वर्गात हशा फुटला, आणि सर्वांत मोठ्याने हसले ते अध्यक्ष. हसणे ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि नातीला वही परत दिली.

"मग आज म्हणतो. या दहा मिनिटांच्या बाबतीत माझं चुकलं." त्यांनी आवाज खाली आणला. "आणखीही एकदोन बाबतींत चुकलं असेल. ते घरी बोलू. तुझं वाक्य आता खोटं राहिलं नाही, मैथिली. पुन्हा लिही."

बाकांवर मुठी आपटल्याचा आवाज बाजारपेठेपर्यंत गेला म्हणतात. केतकी फळ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि पुसलेलाच फळा पुन्हा पुसू लागली.

जाताना अध्यक्ष म्हणाले, "चालू ठेवा, बाई. फक्त रीतसर अर्ज द्या. तोंडी आदेशावर शाळा चालत नसते."

त्याप्रमाणे 'विद्यार्थ्यांना महिन्यातून एकदा स्वतःच्या घराविषयी खोटे लिहिण्यास अनुमती मिळणेबाबत' अर्ज सादर करण्यात आला. खोट्याचे स्वरूप स्पष्ट करावे, असा शेरा मारून समितीने तो परत पाठवला. खुलाशासह तो पुन्हा सादर करण्यात आला. पुढील सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली. लेखन चालू आहे. अर्ज विचाराधीन आहे.