लांडगा, ससा आणि मधली भिंत

संगणक घरोघरी नवे होते, तेव्हाची गोष्ट. एका खेळात खंड्या नावाचा लांडगा होता. खेळ रचणाऱ्या मंजिरीताईंनी त्याला एकच शिकवलं होतं, ससा दिसला की सरळ धावायचं. झरोक्यातून पलीकडचा ससा दिसायचा, खंड्या धावायचा आणि मधल्या भिंतीवर आपटायचा. खेळणारी मुलं कंटाळून उठून जायची.

"उद्या ताई तुला पुसून टाकणार आहेत," ससा एकदा म्हणाला.

खंड्याचा धीर सुटला. "बाई, जरा बाजूला होतेस का?" त्याने भिंतीला विनवलं.

"मला कुठलं हलता येतंय, बाबा? तूच माझ्या अंगाला खांदा लावून चालत राहा. मी संपेन तिथे वळ."

"पण सशाकडे पाठ होईल."

"होऊ दे की."

खंड्याच्या जिवावर आलं, तरी तो वळला. "पळाला, पळाला," ससा हसला आणि निवांत आडवा झाला. भिंत लांबच लांब होती. ससा दिसेनासा झाला, पण खंड्याने खांदा काढला नाही. अखेर कोपरा आला.

मागून पावलं वाजली, तेव्हा ससा जन्मात पहिल्यांदा धावत सुटला. मुलांना जेवायची हाक ऐकू येईना. लांडग्याला पुसायची गोष्ट मंजिरीताईंनी पुन्हा काढली नाही.