पदीबायचं वळण

फार फार वर्षांपूर्वी, खाडीकाठी आपलं गाव नुकतं वसलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं आणि मधे मातीचा एक बांध. बांध होता म्हणून गाव होतं.

त्या गावात पदीबाय राहायची. तिच्याकडे ना मोठी जमीन, ना घरात कुणी कर्ता पुरुष. पण लावणीच्या दिवसांत बाया आपण होऊन तिच्या हाताखाली यायच्या. ती असेल तिथली लावणी आधी उरकायची, आणि बाया हसत घरी जायच्या. असं म्हणतात, की एखादीची कंबर भरून आली तर ते तिच्या आधी पदीबायला कळायचं.

एका वर्षी भादव्यातल्या उधाणाला बांध फुटला. भलीमोठी खांड पडली आणि निसवायला आलेल्या भातात खाडी शिरली. खांड लवकर बुजली नाही तर जमिनीत मीठ मुरणार आणि पुढची कैक वर्षं तिथं गवतही उगवणार नाही, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं.

ओहोटी लागली तशी माणसं धावली. वरच्या पाड्यानं वरून माती टाकली, खालच्या पाड्यानं खालून. दोन्हीकडून शिव्यांची लाखोली चालली होती. भरती आली आणि सगळं धुऊन गेलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग सगळ्यांना हाशा आठवला. बांधातलं पाणी सोडायचं लाकडी दार हाशा सांभाळायचा. बांध फुटला त्या दिवशी तो दार नीट न लावताच सासुरवाडीला गेला होता. आता तो घराबाहेर पडत नव्हता आणि त्याच्या दारावरून जाणारा प्रत्येक जण थुंकून जात होता.

काही घरांनी भांडीकुंडी बांधायला घेतली. ते पदीबायनं पाहिलं. ती तडक पंचांपुढे उभी राहिली. म्हणाली, "एक ओहोटी मना द्या. सगली मानसं माज्या हाती द्या."

पंच दमलेले होते. त्यांनी मान डोलावली.

पदीबाय आधी गेली ती हाशाच्या घरी. तो कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"ऊठ हाशा. खाडीचं पानी तुज्याएवढं कुनी बघितलंय?"

"बाय, मानसं मना मारतील."

"माज्या बाजूला उभा राहा. चूक कुनाची ते भात पिकल्यावर बगू."

तो उठला. बांधावर त्याला बघून माणसं गुरगुरली, पण पदीबाय बाजूला सरली नाही.

मग तिनं माणसं लावली. दोन्ही पाड्यांची माणसं तिनं एकाआड एक उभी केली, म्हणजे वरच्या पाड्याची चिखलाची ढेप खालच्या पाड्याच्या हातातूनच पुढं जाणार. गोमा सगळ्यांत भांडखोर, त्याचा आवाज खाडीपार जायचा. त्याला ती म्हणाली, "तू वरडत राहा, तुज्या आवाजावर हात चालतील." म्हाताऱ्यांना तिनं पेंढा वळायला बसवलं. आणि सगळे जेवल्याशिवाय तिनं ढेपेला हात लावू दिला नाही. स्वतः मात्र शेवटी, उरलंसुरलं खाल्लं.

काम असं चाललं, की असं म्हणतात, ढेप एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तिच्यातलं पाणीही खाली गळत नव्हतं. पण खांड अरुंद होत गेली तसा पाण्याला जोर चढला. मधे टाकलेली माती दिसेनाशी व्हायची. पदीबाय म्हणत राहिली, "टाका, टाका!"

हाशाचे ओठ हलले. तो पुन्हा गप्प झाला. पदीबायनं ते पाहिलं आणि हात वर केला. सगळी रांग थांबली.

"काय रं हाशा? बोल."

"बाय... तुजं चुकतंय." त्यानं पाण्याकडे बोट दाखवलं. "हितं तळ खरवडून गेलाय. हितं माती नाय टिकायची. मागं सरून, वळसा घालून बांध घाला."

वरचा पाडा, खालचा पाडा, सगळे पदीबायकडे बघू लागले. एवढ्या माणसांपुढे, आणि तेही हाशानं! पदीबायचा चेहरा क्षणभर तापला. मग तिनं खाडीकडे पाहिलं, हाशाकडे पाहिलं.

"चुकलं माजं," ती मोठ्यानं म्हणाली. "हाशा सांगल तसं. चला मागं!"

भरतीची वेळ झाली होती. पण असं म्हणतात, त्या दिवशी खाडी मुखाशीच थबकली. बगळे पाण्यात उभे राहिले आणि पाणी त्यांच्या गुडघ्यांवर चढेना. गोमाचा आवाज बसला, तेव्हा सगळी रांग त्याच्यासाठी ओरडू लागली. शेवटची ढेप बसली आणि मगच पाणी आलं. बांधाला टेकलं, आणि तिथंच राहिलं.

पदीबाय चिखलात मटकन बसली आणि रडली. एकेकाचं नाव घेऊन ती हात जोडत होती. त्यात हाशाचंही नाव होतं, गोमाचंही. त्या वर्षी भात थोडं झालं, पण झालं. हाशाला त्याचं लाकडी दार परत मिळालं आणि म्हातारा होईपर्यंत त्यानं ते सांभाळलं.

आज त्या बांधावरून चालत गेलात तर एका जागी तो शेताच्या बाजूला वळलेला दिसेल. ते पदीबायचं वळण. दरवर्षी बांधाची डागडुजी करायला सगळं गाव तिथं जमतं. त्या वर्षी ज्याच्या हाती काम असेल, तो आधी सगळ्यांना वाढतो. मग वळणावर उभा राहून विचारतो, "पदीबायच्या नावानं, कुनाला काय सांगायचंय?" आणि कुणीतरी बोलेपर्यंत कुणी मातीची पाटी उचलत नाही.

परवाच्या खेपेला बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी नुकतीच लग्न होऊन आलेली एक सून पदर सावरत हळूच म्हणाली, "माजी पाटी फाटकी हाय."

सगळं गाव थांबून राहिलं. तिला नवी पाटी आणून दिली, आणि मग काम सुरू झालं.