शंभरपैकी शंभर

फार लांब नव्हे, एका नदीच्या काठी गुरांचे राज्य होते. खिल्लार, देवणी आणि डांगी अशा तिन्ही जातींच्या गाई तिथे एकाच पाणवठ्यावर पाणी पीत. राजा महिपती नावाचा म्हातारा वळू होता. त्याला स्वतःला उभे राहता येत नसे, पण राज्य खंबीरपणे उभे आहे असे तो रोज सांगे. वासरांच्या रक्षणाचे काम त्याने लांडग्याला दिले होते. लांडग्याला वासरांची मनापासून आवड आहे, एवढी एकच पात्रता बघितली गेली.

वासरे कमी होत गेली. दरबारातून निवेदन निघाले की वासरे मोठी होत आहेत, म्हणून लहान कमी दिसतात. गाईंनी माना डोलावल्या.

एका दुपारी लांडगा साळू नावाच्या खिल्लार गाईपाशी आला आणि तिच्या चांद्याला हुंगू लागला. चांद्या तीन महिन्यांचा होता. बाभळीच्या काट्याने त्याच्या डाव्या कानाला चीर पडली होती. साळूने लाथ घातली आणि लांडग्याचे दोन दात पडले.

दरबार भरला. राजा म्हणाला, "बंधूंनो आणि भगिनींनो, लांडगा तिथे का गेला होता, असले फुटकळ प्रश्न विचारून देशाचा वेळ दवडायचा नाही. मूळ प्रश्न स्वभावाचा आहे."

लगेच जातनिहाय स्वभाव तपासणी आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते बकोपंत बगळे. जन्मभर गाईंच्या पाठीवर बसून गोचिडी खाल्ल्यामुळे गाईंचा त्यांच्याइतका अभ्यास कोणाचाच नव्हता.

तपासणीची पद्धत अगदी शास्त्रीय होती. प्रत्येक जातीच्या एका गाईला लाकडी खोड्यात अडकवायचे, म्हणजे तिला मागेपुढे होता येत नाही. तिचे वासरू समोर बांधायचे. मग लांडग्याने चाळीस पावलांवरून वासराकडे चालत यायचे. गाईने कान टवकारले तर शंभरातून दहा गुण वजा, फुरफुरली तर वीस, आणि लाथ झाडली तर शून्य.

लांडग्याने पहिले पाऊल उचलताच साळूने लाथांनी खोडा खिळखिळा केला. लांडगा घाबरून परत फिरला. डांगीच्या पाळीला तो अर्ध्यावर आला तेव्हा ती फुरफुरली. देवणीने नुसते कान टवकारले आणि डोळे मिटून घेतले. तिला नव्वद गुण मिळाले आणि नदीकाठचा हिरवा पट्टा मिळाला. तिचे वासरू गेले, पण ते जाताना तिने पाहिले नव्हते, त्यामुळे तिची काही तक्रार नव्हती.

"आमच्यात जन्मतःच संस्कार असतात," देवणी म्हणाली. "या खिल्लारांमुळं सगळ्या गाईंची मान खाली जाते."

"आम्ही निदान लाथ तरी घालत नाही," डांगी म्हणाली.

पाणवठे तीन झाले. लांडग्याला फेरी मारायला सोपे गेले. मला लांडग्याचा राग येत नाही, तो पोटासाठी करतो. नव्वद गुणांवर खूश झालेल्या त्या देवणीचा येतो.

खिल्लारांना खडकाळ माळावर धाडायचा हुकूम निघाला. मारक्या आयांच्या संगतीत वासरे बिघडतात, म्हणून वासरे लांडग्याच्या देखरेखीखाली ठेवायची होती.

"पंत, मला माळावर धाडा, पाला खाऊन ऱ्हाईन," साळू म्हणाली. "पर माझं लेकरू माझ्यासंगट द्या."

"साळूबाई, हाच तो तुमचा स्वभाव," बकोपंत म्हणाले आणि त्यांनी आणखी पाच गुण वजा केले. शून्यातून पाच कसे वजा झाले, हे कोणी विचारले नाही.

पावसाळा सरेपर्यंत राज्यात एकही वासरू उरले नाही. वासरे गेली तशा गाई आटल्या आणि दरबाराचे दूध बंद झाले. तेव्हा मात्र राजा फार हळहळला. माणसांच्या गोठ्यात गवळी अशा वेळी काय करतो, हे बकोपंतांना ठाऊक होते. मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरायचा, त्याचे भोत करायचे आणि गाईपुढे उभे करायचे. गाय त्याला चाटते, फसते आणि दूध देते. दरबाराने असे एक भोत करवून घेतले. नियम सर्वांना सारखा, म्हणून त्यालाही खोड्यात घातले. लांडगा येऊन नाकाला नाक लावून उभा राहिला, तरी ते हलले नाही. शंभरपैकी शंभर.

इतका शांत नेता शोधूनही मिळाला नसता. राजाच्या जागेसाठी निवडणूक लागली. "ना शिंग, ना लाथ, भोतरावांना साथ!" अशा घोषणा देत कावळे झाडोझाडी फिरले.

मतदानासाठी खिल्लारांनाही माळावरून आणले. साळू भोतासमोर आली. तिने त्याला हुंगले, मग डाव्या कानाची चीर चाटली.

"ह्यो माझा चांद्या हाय," ती मागच्या गाईंना म्हणाली. "ह्याला ह्यांनीच खाल्लाय. तुमचीबी ह्यांनीच खाल्ली. बघा की गं जरा."

देवणीने डोळे मिटले. डांगी म्हणाली, "रांग पुढं सरकू दे बाई."

साळूने लाथ उगारली. पण पुढ्यात लांडगा नव्हता, चांद्या होता. तिचा पाय खाली आला आणि सडांतून दूध गळू लागले. बकोपंतांनी खाली भांडे सरकवले आणि वहीत लिहिले: खिल्लारांचा पाठिंबा, स्वभावात समाधानकारक सुधारणा.

भोतराव प्रचंड बहुमताने निवडून आले. ते फारसे बोलत नाहीत. दर पाच वर्षांनी त्यांच्यात ताजा पेंढा भरतात, आणि आम्ही सगळे आपापल्या जातीच्या रांगेत उभे राहून पान्हा सोडतो.