चिंगी चिचुंद्री आणि फुलांची पट्टी

नदीकाठी एक बीळ. बिळात चिंगी चिचुंद्री. चिंगीची चार पिल्लं. एकुली, दुकुली, तिकुली आणि सगळ्यात छोटा शेंबडू.

पिल्लांना एक गादी होती. कापसाची. मऊ मऊ.

एक दिवस काय झालं? बिळात पाणी आलं. बोटभर. चुळुक चुळुक! आलं तसं गेलं. पण जाताना गादी घेऊन गेलं!

चिंगी बाहेर आली. वर बघते तर कडकडीत ऊन! ढग नाही. पाऊस नाही. मग पाणी आलं कुठून?

"अगंबाई! मला काही कळेना!"

पुन्हा पाणी आलं तर? जास्त आलं तर? पिल्लं न्यावी का वर? वर घार बसलेली. उगाच नेली तर घार उचलील. नाही नेली तर पाणी उचलील. पाणी येणार की नाही, आधी कळायला हवं!

गावात उंच खांबावर एक भोंगा होता. पूर यायच्या आधी तो ओरडायचा.

चिंगी निघाली. तुरुतुरु, चुक् चुक्!

"भोंग्या, भोंग्या, ओरड ना!"

भोंगा म्हणाला, "मी नाही ओरडत जा! कोंडिबाकाकांनी बटण दाबलं तर ओरडेन."

तुरुतुरु, चुक् चुक्! चिंगी गेली कोंडिबाकाकांकडे. ते गावचे कोतवाल. तपकीर ओढत बसले होते.

"काका, काका, बटण दाबा ना!
भोंगा ओरडेना,
पाणी येणार का, मला कळेना!"

काका शिंकले. आऽऽक्छी! "मी नाही दाबत जा! उगाच भोंगा वाजवला तर गाव उगाच पळतं. मग खरा वाजला तरी कुणी हलत नाही. शकूताईंनी कळवलं तर दाबेन."

तुरुतुरु, चुक् चुक्! चिंगी गेली टेकडीवर. तिथे पूर-कचेरी. कचेरीत शकूताई. समोर नकाशे, यंत्रं, आणि गार झालेला चहा.

"ताई, ताई, कळवा ना!
काका दाबेनात,
भोंगा ओरडेना,
पाणी येणार का, मला कळेना!"

ताई म्हणाल्या, "मी नाही कळवत जा! दूर डोंगरावर मोठा पाऊस आहे, हे यंत्र सांगतं. पण आपली नदी किती चढली? दौलतअण्णांनी आकडा सांगितला तर कळवेन. फोन हातात धरून बसलेय बघ!"

तुरुतुरु, चुक् चुक्! चिंगी गेली पुलावर. तिथे एक चौकी. चौकीत दौलतअण्णा. नदीत एक उंच पट्टी उभी होती. तिच्यावर आकडे. अण्णांनी आकडा वाचायचा आणि ताईंना सांगायचा.

"अण्णा, अण्णा, आकडा सांगा ना!
ताई कळवेनात,
काका दाबेनात,
भोंगा ओरडेना,
पाणी येणार का, मला कळेना!"

अण्णांनी चष्मा पुसला. पट्टीकडे बघितलं. पुन्हा चष्मा पुसला.

"मी नाही सांगत जा! आज पट्टीवर आकडेच नाहीत. गुलाबाची फुलं आहेत! ताईंना काय सांगू? नदी चार फुलं चढली? पट्टीनं आकडा दाखवला तर सांगेन. आणि काय गं, माझा टॉवेल पाहिलास का? सकाळपासून शोधतोय."

फुलं? पट्टीवर? चिंगीचं डोकं गरागरा फिरलं.

तुरुतुरु, चुक् चुक्! पुलाच्या कडेनं चिंगी गेली पट्टीवर.

"पट्टे, पट्टे, आकडा दाखव ना!
अण्णा सांगेनात,
ताई कळवेनात,
काका दाबेनात,
भोंगा ओरडेना,
पाणी येणार का, मला कळेना!"

आतून आवाज आला, "मी नाही दाखवत जा! मलाच काही दिसेना! तोंडावर टॉवेल आहे माझ्या. टॉवेल हलला तर दाखवेन."

टॉवेल! गुलाबाच्या फुलांचा! अण्णांनी सकाळी अंघोळ केली. समोर खांब दिसला. त्याला टॉवेल बांधला. खांब कसला? पट्टीच ती! आणि अण्णा विसरून गेले.

"टॉवेला, टॉवेला, हल ना!
पट्टी दाखवेना,
अण्णा सांगेनात,
ताई कळवेनात,
काका दाबेनात,
भोंगा ओरडेना,
पाणी येणार का, मला कळेना!"

टॉवेल म्हणाला, "मी नाही हलत जा! मला गाठ मारलीय. गाठ सुटली तर हलेन."

"गाठी, गाठी, सूट ना!
टॉवेल हलेना,
पट्टी दाखवेना,
अण्णा सांगेनात,
ताई कळवेनात,
काका दाबेनात,
भोंगा ओरडेना,
पाणी येणार का, मला कळेना!"

गाठ म्हणाली, "मी नाही सुटत जा! मला सोडायला बोटं लागतात. लांब लांब. तुला आहेत का?"

चिंगीनं आपली बोटं बघितली. तिळाएवढी!

"बोटं नाहीत," चिंगी म्हणाली. "पण दात आहेत!"

कुरुम कुरुम, कुरुम कुरुम, कट्ट!

गाठ सुटली.
टॉवेल हलला. फडफड फडफड, धप्प! थेट अण्णांच्या डोक्यावर!
पट्टीनं आकडा दाखवला. लाल लाल सात!
"अरेच्चा! टॉवेल! अरे बापरे! सात!" अण्णांनी सांगितलं.
ताईंनी कळवलं. ट्रिंग ट्रिंग!
काकांनी दाबलं. टक्!
भोंगा ओरडला. भोंऽऽऽ! भोंऽऽऽ! भोंऽऽऽ!

कोंबड्या पळाल्या. शेरडं पळाली. माणसं पळाली. घार दचकली आणि भुर्रकन उडून गेली.

चिंगी मात्र गोंधळून उभी. "अगंबाई! हा भोंगा कुणासाठी?"

"तुझ्यासाठी गं, चिंगे!" पट्टी ओरडली. "पळ!"

तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु! चिंगी बिळात शिरली.

"उठा, उठा! धरा शेपट्या!"

एकुलीनं आईची शेपटी धरली.
दुकुलीनं एकुलीची.
तिकुलीनं दुकुलीची.
शेंबडूनं तिकुलीची. त्याला शिंक आली, तरी त्यानं सोडली नाही!

चालली साखळी, चालली साखळी, टेकडीवर चालली साखळी. तुरुतुरु, चुक् चुक्!

आणि मागून आली नदी. घळाघळा, घळाघळा! बीळ भरलं. बिळात कोण होतं? कुणीच नव्हतं!

कचेरीच्या पायरीवर अण्णा बसले होते. मान खाली घालून.

"चिंगे, चुकलो गं. हा घे टॉवेल. पिल्लांना गादी कर."

चिंगीनं टॉवेल घेतला. चार पिल्लं चार फुलांवर झोपली. शेंबडूचं फूल सगळ्यात मोठं.

"अण्णा," चिंगी म्हणाली, "आता अंग कशानं पुसाल?"

अण्णांनी डोकं खाजवलं. "तेच तर मला कळेना!"

खोटं वाटतं? मग पुलावर जा आणि पट्टीला विचारा. आता तिचं तोंड मोकळं आहे.