खोतांचा झोपाळा

साकव मोडून द्वारकाकाकू म्हशीसकट ओढ्यात पडल्या, तरी विसूभाऊ खोतांनी दोष दिला तो पुराला. "लाकूड खणखणीत होतं. नवा साकवही तसाच बांधू. डांबर फासलं की झालं!"

काकू हट्टाला पेटल्या. ओल्या लाकडावर डांबर फासलं की पाणी आतच राहतं आणि तुळई कुजते, हे त्यांनी मोडलेल्या तुळईत पाहिलं होतं. उरलेली अर्धी तुळई त्यांनी गड्यांकडून उचलवून थेट खोतांच्या ओटीवर आणली.

"हे काय?" खोत गरजले.

"खणखणीत लाकूड वाया कशाला घालवायचं? तुमचा झोपाळा हिला टांगू. तुम्ही बसा, झोका मी देते."

खोत तुळईचं कुजकं टोक चाचपू लागले. मग हळूच म्हणाले, "काकू, नवं लाकूड आधी नीट वाळवू या. डांबर मागाहून."