मठ्ठ्याची नळी

मगदूम अण्णांनी मंगल कार्यालय बांधलं अन् बाहेरच्या भिंतीला आपला हा एवढा फोटो लावला. भटारखान्याचा धूर पंख्यानं बाहेर फेकणारा पत्र्याचा नळ फोटोच्या आड यायचा, म्हणून त्याचं तोंड चिमटून पार मुठीएवढं केलं. आत फोडणी पडली की भटारखाना सांभाळणारी हौसाक्का अन् तिच्या हाताखालच्या बायका खोकून बेजार. डॉक्टर हौसाक्काला म्हणाला, "असंच धुरात राहशील तर काम सुटंल तुझं."

नळाच्या मोजमापाला इंजिनेर पोरगी आली. म्हणाली, "अण्णा, तोंडाच्या मापाला वाऱ्याच्या वेगानं गुणायचं, तेवढी हवा बाहेर जाते. तोंड बारीक केल्यानं निम्मीसुद्धा जात नाही."

अण्णा नळापुढं उभे राहिले. "अगं, टोपी उडाया लागली माझी! वेग बघ, वेग!"

हौसाक्का पदराआड हसली.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. अण्णांना मठ्ठा लागतो तांब्यानं. हौसाक्कानं तांब्याला घट्ट झाकण बसवलं अन् त्यात कोल्ड्रिंकची बारीक नळी खोवली. अण्णांनी ओढलं. गाल आत गेले, डोळे बाहेर आले. पंगत हात धुवायला उठली तरी तांब्या भरलेलाच.

"हौसे, थट्टा करतीस व्हय माझी?"

"थट्टा कशाची, अण्णा? वेग बघा की, कसा सुर्रकन येतोय!"

"वेग काय चाटू? तांब्याला तोंड मोठं पायजे, तोंड!"

"हां! काल ती पोरगी दुसरं काय सांगत हुती?"

सगळी पंगत खदाखदा हसली. अण्णाबी हसले. फोटो उतरला, नळाचं तोंड रुंद झालं, हौसाक्काचा खोकला थांबला. गाव मात्र अजून म्हणतं, "अण्णांचं तोंड पहिल्यापास्नंच मोठं. त्या दिवशी कामाला आलं, एवढंच!"